चौघे मांत्रिक आणि एक नगर

पत्त्यांचा डाव म्हटला म्हणजे एकाची जीत व दुसऱ्याची हार, ही गोष्ट आपण गृहीतच धरतों. परंतु जेथें सर्व खेळाडू एकाच पक्षाचे असतात, जिंकले तर सारे जिंकतात व हरले तर सारे हरतात, असेही कांहीं डाव आहेत. त्यांपैकीं केव्हिन रायली यांनीं रचलेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ईऑन्स एंड’ या डावाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

या डावाची कथा अद्भुत आहे. विश्वाच्या भेगांतून आलेल्या राक्षसी शक्तींनीं जग उद्ध्वस्त केलें असून, उरलेल्या माणसांनीं ग्रेव्हहोल्ड नामक भूमिगत नगराचा आश्रय घेतला आहे. १ ते ४ खेळाडू त्या नगराचे रक्षक मांत्रिक होतात. शत्रूची बाजू कोणी खेळत नाहीं. त्याच्या चाली त्याच्या स्वतंत्र गड्डींतून निघणाऱ्या पत्त्यांनींच ठरतात.

प्रत्येक मांत्रिकास आरंभीं १० पत्ते मिळतात. ५ हातांत व ५ गड्डींत. पत्त्यांचे प्रकार तीन : रत्नें, साधनें व मंत्र. रत्नांपासून मिळणाऱ्या शक्तीनें मध्यें मांडलेल्या ९ ढिगांतून नवे पत्ते विकत घ्यावयाचे. मंत्र मात्र तत्काळ सोडतां येत नाहीं. तो एका पाळींत सिद्ध करून ठेवावा, व आपली पुढील पाळी आली म्हणजे शत्रूवर सोडावा.

आतां या डावाची खरी खुबी पाहा. गड्डी संपली असतां टाकलेले पत्ते पिसावयाचे नाहींत. ते जसेच्या तसे उपडे करून पुन्हां घ्यावयाचे. अर्थात् जो पत्ता आधीं टाकला, तोच पुढें आधीं हातीं येतो. याच्या उलट, पाळ्यांचा क्रम ठरविणारे ६ पत्ते प्रत्येक फेरीस पिसले जातात, आणि त्यांपैकीं २ शत्रूचे असतात. म्हणजे तयारी आपल्या स्वाधीन, परंतु संकटाची वेळ आपल्या स्वाधीन नाहीं!

मांत्रिकाचें जीवनबल १० व नगराचें ३०. नगराचें बल संपलें किंवा सारेच मांत्रिक निर्बल झाले, कीं डाव हरला. परंतु एखाद्याचें बल संपलें तरी त्यास डावांतून उठवीत नाहींत. तो खेळत राहतो. मात्र त्यानंतर त्याच्यावर होणारा आघात दुप्पट होऊन नगरावर पडतो. म्हणून चतुर खेळाडू स्वतःच्या पराक्रमापेक्षां दुबळ्या सोबत्याची चिंता आधीं वाहतो.

या डावांत एक धोकाही आहे. सल्लामसलतीस मुभा असल्यामुळें एखादा हुशार मुलगा इतरांचे पत्तेही आपणच खेळूं लागतो, आणि बाकीचे केवळ प्रेक्षक बनतात. मग डाव जिंकला तरी सहकार्य हरलें, असेंच म्हणावें लागेल. सल्ला अवश्य द्यावा, पण निर्णय ज्याचा त्यानें करावा.

मांत्रिकांचा खेळ मुलांच्या हातीं कां द्यावा, अशी शंका कांहीं पालकांस येईल. ती रास्त आहे. पवित्र शास्त्रांत, अनुवाद ग्रंथाच्या १८ व्या अध्यायांत, मंत्रतंत्र करणाऱ्यांच्या नादीं लागण्याचा स्पष्ट निषेध आहे. शिवाय चेटकीण ठरवून निरपराध स्त्रियांचा छळ झाल्याच्या गोष्टी आपल्या देशास नव्या नाहींत. जादूटोण्याच्या नांवावर चालणाऱ्या अमानुष प्रथांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१३ सालीं कायदा करावा लागला. परंतु पत्त्यावरील मंत्र म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकीचा आंकडा होय. पालकांनीं मुलांसमवेत बसून एक डाव खेळावा व हा भेद त्यांस समजावून द्यावा. कल्पनेंतील मंत्र आणि खऱ्या माणसावर घेतलेला संशय यांतील अंतर ज्या मुलास कळलें, त्यास या खेळापासून भय नाहीं. त्यांत दुबळ्या सोबत्यास सांवरून घेण्याची संवय त्याला जडली, तर नगर राहो वा पडो, डाव सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.