तरुण ताऱ्यांभोंवतालचा वायु

जानेवारींतील निरभ्र रात्रीं, नवाच्या सुमारास, छत्रपति संभाजीनगर–जालना रस्त्यावरील करमाडसारख्या गांवाहून पाहिलें तर तांबूस रोहिणी जवळजवळ डोक्यावर आलेली दिसते. तिच्याच बाजूला, परंतु नुसत्या डोळ्यांस अगोचर आणि तिच्याहून पुष्कळ दूर, सुमारें ४५० प्रकाशवर्षांवर, एच्. एल्. टौरी नांवाचा बालतारा आहे. २०१४ सालीं चिली देशांतील ‘अल्मा’ दुर्बिणीनें त्याच्या भोंवतालच्या तबकडीचें चित्र घेतलें. त्यांत तेजस्वी कड्या व काळे पट्टे स्पष्ट उमटले. गाजावाजा झाला तो या कड्यांचा. पण त्या धुळीच्या होत्या, आणि अशा तबकडीच्या वजनांत आरंभीं धूळ धरली जाते ती शेंकडा एक. बाकीचा सारा वायु! गुरूसारखा ग्रह बहुतांशीं याच वायूचा बनतो. तेव्हां खरा प्रश्न वायूचाच आहे.

हा वायु मुख्यत्वें हायड्रोजन, आणि थंड अवस्थेंत हायड्रोजनचा रेणु जवळजवळ मुका असतो. म्हणून त्यांत अत्यल्प मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा आवाज ऐकावा लागतो. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवल्यास माणसाचा घात करणारा तो हाच. त्याची एक लहर १.३ मिलिमीटर लांबीची असते. पुणें जिल्ह्यांत खोडद येथील तीस प्रचंड रेडिओ-दुर्बिणी वीतभर व त्याहून लांब लहरी टिपतात. मिलिमीटरच्या लहरी मात्र हवेंतील बाष्प गिळून टाकतें. त्यासाठीं आटाकामाच्या कोरड्या वाळवंटांत, ५,००० मीटर उंचीवर जावें लागतें.

रेडिओची खुंटी किंचित् फिरवावी त्याप्रमाणें वारंवारता बदलीत गेल्यास तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू एका ठिकाणीं व दूर जाणारी दुसऱ्या ठिकाणीं ऐकूं येते. त्यावरून वायूचा वेग कळतो. केप्लरच्या नियमाहून तो जेथें ढळतो, तेथें कांहीं कारण असलेंच पाहिजे. २०१८ सालीं धनु राशींतील एच्. डी. १६३२९६ या ताऱ्याभोंवतीं दोन निरनिराळ्या पथकांना असा फेर आढळला व न दिसणाऱ्या ग्रहांचा सुगावा लागला.

दाबामुळें वायु नियमाहून किंचित् सावकाश फिरतो. खड्यांना दाबाचा आधार नाहीं. त्यांना समोरचा वारा लागतो, गति मंदावते व ते ताऱ्याकडे ओढले जातात. वाटेंत वायूचा दाब कोठें वाढलेला असेल तरच ते अडतात. धुळीच्या कड्यांचा एक मोठा उलगडा हाच.

वजनाचें कोडें मात्र अवघड. उणे २५० अंशांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड गोठून धुळीवर बसतो, आणि तराजू खोटा पडतो. २०१३ सालीं हर्शेल अवकाश-दुर्बिणीनें टी. डब्ल्यू. हायड्री या ताऱ्याजवळ जड हायड्रोजनचा एक अणु असलेला रेणु हेरला. त्यावरून तेथील वायु पन्नास गुरूंहून अधिक भरला. ताऱ्याचें वय पाहतां, जेव्हां पुष्कळ तबकड्या रित्या होतात, तेव्हांही एवढी शिल्लक! दुर्दैव असें कीं, त्याच वर्षींच्या एप्रिलांत हर्शेलमधील द्रवरूप हेलियम संपलें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अल्माच्या पाहणींत तीस तबकड्यांचें वजन कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला नायट्रोजनयुक्त रेणूची साक्ष काढून करण्यांत आलें.