एस्टोनियाची तार आणि गिरगावचा दिवा
एस्टोनियाने ८ फेब्रुवारी २०२५ला रशियाच्या वीजजाळ्याशी नातं तोडलं आणि दुसऱ्या दिवशी युरोपचं जाळं जोडलं. शेजाऱ्याच्या हातात आपलं बटण नको, म्हणून. तिथे वीज हा संरक्षणाचाच प्रश्न आहे.

आपल्याकडे काय? १२ ऑक्टोबर २०२० आठवा. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या. गिरगाव-परळचे दिवे गेले, लोकल थांबल्या. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून आपोआप सुटून ट्रॉम्बेसारख्या जवळच्या केंद्रांवर चालायचं, यालाच 'आयलंडिंग' म्हणतात. पण जवळची निर्मिती मागणीपेक्षा फार कमी पडली, की हे बेटही कोसळतं. त्या दिवशी तेच झालं.

बेस्ट आपल्याला वीज पोचवते, बनवत नाही. म्हणून जवळचं एखादं केंद्र बंद करायची चर्चा निघाली, की आपण आधी विचारायचं: त्याची जागा कोण घेणार?