दोन इंजिनांच्या होडीतील बॅटऱ्यांची निगा

मासेमारीच्या होडीस दोन इंजिने बसविण्याचा हेतू हा की, एक बंद पडल्यास दुसऱ्यावर किनारा गाठता यावा. परंतु जाळे टाकून रात्र काढताना दिवे व बिनतारी संच दोन्ही बॅटऱ्यांवर चालविले, तर पहाटे दोन्ही एकदमच उतरतात. मग भर समुद्रात दोन इंजिने असून नसल्यासारखीच!

याकरिता प्रत्येक इंजिनास स्वतंत्र बॅटरी ठेवावी व दिव्यांसाठी तिसरी. स्विच कायम 'दोन्ही'वर ठेवण्याची सवय पुष्कळांस असते, ती सोडावी. उतरलेली बॅटरी भरलेल्या बॅटरीतील वीज ओढून घेते. इंजिन सुरू होत नसेल तेवढ्यापुरताच 'दोन्ही'चा उपयोग करावा. इंजिन चालू असताना मात्र स्विच 'बंद'वर कदापि नेऊ नये. अल्टरनेटरच्या विजेस वाट न उरल्याने त्यातील डायोड जळण्याचा संभव असतो.

शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजावी. दाब सुमारे १२.६ व्होल्ट असल्यास ती भरलेली, १२.२ असल्यास निम्मी समजावी. चार्ज होताना तो १४ च्या आसपास चढतो. न चढल्यास प्रथम पट्टा व तारांचे जोड पाहावेत. त्या वेळी बॅटरीतून ज्वालाग्राही वायू सुटतो. म्हणून हवा खेळती ठेवावी आणि जवळ विडी ओढू नये.