कागदाची जाडी पाहता, पकडही पाहा

करमाळा तालुक्यात भीमेच्या बाजूला उजनी जलाशयाचा फुगवटा आहे. त्याच्या जोरावर कंदर परिसरातली केळी परदेशी जाते. जलाशयापासून लांबच्या गावांत मात्र बागेची भिस्त शेततळ्यावर. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि शेततळं घरोघरच्या बोलण्यात आलं.

पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद घेताना पहिला प्रश्न असतो, किती मायक्रॉनचा? प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. कागद मजबूत असतो, भरावही मजबूत असतो. कच्ची असते ती दोन्ही एकमेकांना टेकतात ती जागा.

तिथली पकड अभियंते घर्षणकोनात मोजतात. उतार त्या कोनाहून तीव्र झाला की वरचा थर घसरू लागतो. गुळगुळीत एचडीपीई कागद आणि वाळू यांच्यात हा कोन साधारण १८ अंश असतो. ओल्या चिकण मातीत तो आणखी उतरू शकतो. दीड मीटर आडवा, एक मीटर उभा असा उतार भरतो जवळजवळ ३४ अंश. उन्हापासून कागद वाचावा म्हणून अशा उतारावर माती पसरली, तर ती खाली येणार आणि कागदालाही ओढणार. कागदाला खरा आधार काठावरच्या चराचा. त्यात कड पुरून माती दाबून बसवलीच पाहिजे.

पकड भारावरही ठरते. तीन मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला तीन टनांनी कागद मातीवर दाबतं. तळं आटलं की उरतं ५०० मायक्रॉन कागदाचं स्वतःचं वजन, चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलो. मग वारा त्याला सहज उचलतो.

पकड कमी पडली की काय होतं, याचा एक दाखला: १९ मार्च १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथे घातक कचऱ्याचा प्रचंड ढीग तळाच्या अस्तरावरून सुमारे ३५ फूट सरकला. अस्तराच्या थरांमधली पकड जेमतेम आठ-नऊ अंशांची निघाली. आपल्याकडे माती आणि अस्तरासाठीच्या कापड-कागदांमधलं घर्षण मोजण्याची रीत १९९२ च्या आयएस १३३२६ या मानकात दिली आहे. मोठ्या कामात ही चाचणी जागेवरचीच माती ओली करून घ्यावी.

हाच निसरडेपणा माणसांचे जीव घेतो. ओल्या कागदावर पाय रोवत नाही, त्यामुळे पोहणाराही काठाशी येऊन बुडतो. म्हणून कुंपण, पक्क्या खुंट्यांना बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि हवा भरलेली ट्यूब यांचा खर्च कागदाच्या खर्चातच धरायला हवा. त्यांच्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नये.