रोजच्या भाकरीचा हिशेब

ख्रिस्ती माणसाने आत्मिक वाढीसाठी रोजचा नेम कसा बांधावा, हा विषय एका युनियनच्या कार्यकर्त्याकडे यावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही पाद्री नाही, पंडित नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे वाचन पाळी सुटल्यावर झाले. परंतु नेम मोडतो कसा, हे आम्हांला स्वानुभवाने ठाऊक आहे.

तरुणपणी एका नववर्षाच्या दिवशी आम्ही वहीत मोठा संकल्प लिहिला : पहाटे तासभर प्रार्थना, शास्त्राचे चार अध्याय, रात्री पुन्हा प्रार्थना. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी लागली आणि संकल्प कोसळला. नुसता कोसळता तर बरे होते. देवाला तोंड कसे दाखवावे, या लाजेने आम्ही दोन वर्षे चर्चची पायरी चढलो नाही. म्हणून सांगतो, न झेपणारा नेम निरुपद्रवी नसतो. तो माणसाला देवापासून तोडतो.

आमची चूक काय झाली, ते पुढे शास्त्रातच सापडले. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना मिळतो, तो एका दिवसापुरता. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. एरवी उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. आम्ही वर्षाची भाकर एका दिवसात भाजायला निघालो होतो!

मग नेम नकोच काय? येथे जॉन वेस्लीचे चरित्र पाहण्यासारखे आहे. 1729 नंतर ऑक्सफर्डमध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी दिवसाचे तास आखून घेतले. प्रार्थना, वाचन, उपवास, तुरुंगातील कैद्यांची भेट, सारे वेळेवर. लोकांनी थट्टेने त्यांना ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, म्हटले. एवढे करूनही वेस्लीच्या मनाला शांती नव्हती. ती 24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका छोट्या सभेत लाभली, आणि ती स्वतःच्या कष्टांवर नव्हे, तर ख्रिस्तावर भरवसा टाकल्याने. विशेष हे की, त्यानंतर त्याने नेम फेकून दिला नाही. पूर्वी तो कृपा मिळवण्यासाठी राबत होता. आता मिळालेली कृपा सांभाळण्यासाठी राबू लागला. नेम म्हणजे मजुरी नव्हे, हे ज्याला उमगले त्याला एक दिवस चुकल्याची दहशत वाटत नाही.

दुसरा धडा इग्नेशियस लोयोला यांचा. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत जखमी झालेला हा शिपाईगडी. त्याचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 मध्ये पोपने मान्य केले. त्यात एक साधी युक्ती आहे. एका वेळी एकच दोष धरावा, दिवसातून दोनदा मनाची झडती घ्यावी, जितक्यांदा दोष घडला तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर मांडावेत, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. कारखान्यात हजेरीपट ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा धडा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या मेथॉडिस्ट सभागृहावर कर्ज होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे ठरले. बारा-बारा जणांचे गट पाडले. ज्याला देववत नाही त्याची पेनी गटप्रमुखाने भरावी, अशी सूचना आली. पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्यांना कोण आजारी, कोण दारूच्या नादी लागला, कोण खचला, हे दिसू लागले. त्यातून दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांची विचारपूस करण्याची रीत पडली. वर्गणीची पावती फाडायला चाळीतून हिंडलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला यात आपलीच कहाणी दिसेल. हे नाते नुसते कल्पनेचे नाही. 1834 मध्ये संघटना बांधताना बेकायदा शपथ दिल्याच्या आरोपावरून टॉलपडलच्या ज्या सहा शेतमजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांतले पाच मेथॉडिस्ट होते. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा त्या पंथाचा उपदेशक होता.

तेव्हा नेम बांधायचा तो असा. वेळ घड्याळाची न धरता पाळीची धरा : कामावर निघण्यापूर्वी दहा मिनिटे, पाळी कुठलीही असो. शुभवर्तमानाचा एक छोटा उतारा वाचा. मार्कापासून आरंभ करा, ते चारांत सर्वांत लहान आहे. त्यातली एक गोष्ट दिवसभर मनात बाळगा. निजण्यापूर्वी पाच मिनिटे हिशेब : आज कशाबद्दल आभार मानायचे, कोठे चुकलो, उद्या कोणाची क्षमा मागायची. आठवड्यातून एकदा दोघातिघांपाशी हा हिशेब मोकळेपणाने सांगा. आणि एक काम दुसऱ्यासाठी करा, कारण ज्या प्रार्थनेची ऊब शेजाऱ्याला लागत नाही ती तपासून पाहावी. दिवस चुकला तर मागची बाकी काढत बसू नका. आजचा मान्ना आज वेचा.

आम्हांला चर्चमध्ये परत आणले ते एका सोबत्याने. त्याने उपदेश केला नाही. कँटीनमध्ये डबा उघडता उघडता त्याने एवढेच विचारले, “दादा, या आठवड्यात कसं चाललंय?” तो प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्याला असावा, आणि दुसऱ्या कोणासाठी आपण तसे असावे. नेमाचे निम्मे काम तेथेच होते.