मोटार, वाळू आणि पाण्याचा डबा

रस्ता नसलेल्या मुलखातून मोटारीने लांबचा प्रवास करायचा असेल, तर सोबत कोणते साहित्य घ्यावे? दुकानात शिरले की ही यादी लांबतच जाते. पण जिथे शेकडो किलोमीटरपर्यंत विहीर नाही, पेट्रोल नाही आणि मदतीला येणारे कोणी नाही, तिथे प्रत्येक वस्तूबद्दल एक प्रश्न विचारावाच लागतो. ज्या परिस्थितीत ही वस्तू दगा देईल, त्याच परिस्थितीत तिची परीक्षा आपण आधी घेतली आहे काय? या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या आधाराने ज्यांनी शोधले, त्यांच्यात राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) यांचे नाव फार वरचे आहे.

बॅग्नोल्ड हे ब्रिटिश लष्करातील अभियंता. १९२६ साली त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. सुट्टी मिळाली की काही मित्रांसह, पदरमोड करून, ते फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटात शिरत. इजिप्तच्या पश्चिमेस सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर पसरलेला एक वाळूचा समुद्र आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडासाच कमी! त्यात उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा आहेत आणि काही टेकड्या शंभर मीटरहून उंच आहेत. मोटारीला हा समुद्र ओलांडता येणार नाही असे मानले जाई. १९३० साली बॅग्नोल्ड यांच्या तुकडीने तो ओलांडून दाखवला. त्यांच्या मोटारी साध्या ‘मॉडेल ए’ जातीच्या होत्या. फरक होता तो बरोबरच्या साहित्यात.

पहिला प्रश्न पाण्याचा. घाट चढताना बोनेट उघडून वाफ सोडत उभा असलेला ट्रक तुम्ही पाहिला असेल. त्या काळच्या मोटारीत रेडिएटरला एक उघडी नळी असे आणि पाणी उकळले की वाफ त्या नळीतून हवेत निघून जाई. वाऱ्याची दिशा आणि मोटारीची दिशा एकच असली, की इंजिन फार लवकर तापते. कारण मोटारीच्या मानाने वारा जवळजवळ थांबलेलाच असतो. मऊ वाळूत, खालच्या गिअरमध्ये, पाठीवर वारा घेऊन जाणारी मोटार दिवसाकाठी दहा लिटर पाणी उडवून देते असे समजू. उष्ण वाळवंटात माणसाला पिण्यासाठीच दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते. म्हणजे ती मोटार दोन माणसांचे पाणी पिऊन टाकते.

बॅग्नोल्ड यांनी ती नळी बंद केली आणि वाफेसाठी रबरी नळीने दुसरी वाट काढून दिली. ही नळी मोटारीच्या बाजूला बसवलेल्या, अर्धवट पाण्याने भरलेल्या डब्याच्या तळापर्यंत जात असे. (ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. पहिल्या महायुद्धात इजिप्तमधील हलक्या मोटारींच्या तुकड्यांनी असा डबा वापरला होता. बॅग्नोल्ड यांनी ती पद्धत नेटकी केली.) डब्यातील पाण्यात शिरताच वाफेचे पाणी होते. किती वाफ मुरेल, याचा हिशेब नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. डब्यात ४० अंश सेल्सिअसचे ५ लिटर पाणी आहे असे धरू. ते १०० अंशांपर्यंत तापण्यास ५००० × ६० = ३,००,००० कॅलरी उष्णता लागेल. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. भागाकार केला की ५५५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाण्याची वाफ. एवढी वाफ मुरली की डब्यातील पाणीच उकळू लागते आणि वरच्या भोकातून फवारा उडतो. हीच चालकाला खूण! मोटार वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि स्वस्थ बसायचे.

आता खरी गंमत होते. रेडिएटर निवू लागतो, आतील वाफेचे पाणी होते आणि आतला दाब उतरतो. ८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहूनही थोडा कमी असतो. डबा मात्र वरून हवेला उघडा आहे. त्यामुळे वातावरणाचा दाब डब्यातील पाणी ढकलून पुन्हा रेडिएटरमध्ये चढवतो. एक वातावरण दाब पाण्याला सुमारे दहा मीटर उंच उचलू शकतो. इथे एक मीटरही चढायचे नाही. घळघळ आवाज करीत पाणी परत येते आणि मोटार पुढे निघते.

पण या सोयीचा एक शत्रू आहे : झाकणाची सैल बैठक. झाकणातून हवा आत शिरली तर दाब उतरत नाही. पाणी डब्यातच राहते आणि रेडिएटर कोरडा पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते, कारण वाफ कुठेच दिसत नाही! म्हणून घराजवळ, भर दुपारी, चढावर मोटार मुद्दाम उकळवून पाहायची. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, इंजिन पूर्ण निवल्यावर, रेडिएटर आणि डबा दोन्हींतील पाणी मोजायचे. बेरीज तेवढीच आली, पण रेडिएटरचा वाटा घटला, तर दोष झाकणात किंवा सांध्यात आहे. बेरीजच कमी आली तर पाणी बाहेर गळते आहे. एका मापपट्टीत दोन रोग ओळखता येतात.

टायरची गोष्टही अशीच हिशेबाची. सामानासह मोटारीचे वजन १६०० किलो धरले तर प्रत्येक चाकावर ४०० किलो येतात. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर होतो. दाब १ किलो केला की ४००. (टायरच्या भिंतीचा ताठरपणा इथे सोडून दिला आहे.) वाळूवरचा भार निम्मा झाल्याने चाक रुतण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. मात्र त्याच कमी दाबावर कठीण जमिनीवर वेगाने गेलात, तर टायर सतत वाकून-वाकून तापतो आणि फाटतो. तेव्हा हवा काढण्याइतकाच ती पुन्हा भरणारा पंप महत्त्वाचा; आणि एका पंपाने चार चाके भरायला किती वेळ लागतो हे घरीच घड्याळ लावून पाहिलेले बरे. इतके करूनही चाक रुतलेच, तर बॅग्नोल्ड चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवीत. कैरोतील भंगाराच्या दुकानात त्यांना सापडलेल्या या पन्हळी महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी बनवलेल्या होत्या! महाग वस्तूच उपयोगी पडते असे नाही.

उरला दिशेचा प्रश्न. मोटारीच्या लोखंडामुळे होकायंत्राची सूची बहकते. नेमकी दिशा पाहण्यासाठी दर वेळी गाडी थांबवून, उतरून, दूर चालत जावे लागे. यावर बॅग्नोल्ड यांनी सूर्य-होकायंत्र वापरले. एक आडवी गोल तबकडी, तिच्यावर ३६० अंश आणि मधोमध उभी बारीक सुई. सुईची सावली ठरलेल्या अंशावर राहील अशी मोटार हाकायची आणि सूर्य सरकेल तशी, कोष्टक पाहून, तबकडी फिरवायची.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, मग कोष्टक कशाला, असे तुम्ही विचाराल. पण सूर्याची क्षितिजावरची दिशा सारख्या गतीने बदलत नाही. २७ अंश उत्तर अक्षांशावर ऑक्टोबरच्या मध्यावर ती सूर्योदयाच्या सुमारास तासाला सुमारे ७ अंश बदलते, तर माध्यान्ही २४ अंशांहून अधिक. म्हणजे दुपारी घड्याळ चार मिनिटे चुकले, तर दिशा दीड अंशाहून जास्त चुकते आणि शंभर किलोमीटरवर तुम्ही जवळजवळ तीन किलोमीटर बाजूला जाता. पाण्याचा आणि पेट्रोलचा साठा तिथेच पुरून ठेवला असेल तर? आणखी एक खाचखळगा असा, की पश्चिमेकडे एक रेखांश, म्हणजे या अक्षांशावर सुमारे ९९ किलोमीटर गेले, की स्थानिक वेळ चार मिनिटांनीच बदलते. म्हणून घड्याळ हेदेखील या साहित्यातलेच एक यंत्र. ते रोज किती मागे-पुढे जाते याची नोंद निघण्यापूर्वी काही दिवस ठेवावी लागते.

या यंत्राची एक मर्यादा आपल्याकडे सहज पाहता येते. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्याच्या आसपास सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी सूर्य-होकायंत्र मुके! इतर दिवशी मात्र शाळेच्या मैदानात पुठ्ठा आणि विणकामाची सुई घेऊन, दर वीस मिनिटांनी सावलीचा कोन टिपा. सकाळचे आणि दुपारचे फरक ताडून पाहा.

१९४० साली युद्धात ब्रिटिश सैन्याने लांब पल्ल्याच्या वाळवंटी तुकड्या उभारल्या, त्या बॅग्नोल्ड यांच्याच पुढाकाराने. आणि त्यांच्या ट्रकांवर हाच डबा, हीच तबकडी आणि ह्याच पन्हळी होत्या. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरचा त्यांचा ग्रंथ १९४१ चा. मंगळावरील वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारेही त्याचा आधार घेतात, आणि तिथल्या एका टेकड्यांच्या प्रदेशाला त्यांचे नाव दिलेले आहे.

शिक्षकांना डब्याचा प्रयोग वर्गात दाखवता येईल. उष्णतारोधी काचेच्या गोल बुडाच्या चंबूत थोडे पाणी घ्या. बुचातून वाकडी नळी काढून तिचे टोक चंचुपात्रातील कोमट पाण्यात बुडवा. (थंड पाणी घेतल्यास चंबू तडकण्याची भीती असते. विद्यार्थ्यांना दोन हात दूर उभे करा.) पाणी चांगले पाच मिनिटे उकळू द्या आणि मग दिवा काढा. थोड्या वेळाने चंचुपात्रातील पाणी नळीतून वर धावेल व चंबू जवळजवळ भरून जाईल. वर जी जागा उरेल ती आत राहिलेल्या हवेची. चंबू पूर्ण निवल्यावर बूच किंचित सैल करून सारा प्रयोग पुन्हा करा आणि पाणी या वेळी किती चढते ते पाहा.