बारा जणांनी ब्रश खाली ठेवला

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात बारा धडधाकट माणसांनी एके दिवशी दात घासणे बंद केले. ब्रश नाही, काडी नाही, काही नाही. हारल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे या बारा जणांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, म्हणजे दात न घासता राहणे ज्यांना सर्वात जड जाणार तेच.

दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. मग सगळ्यांच्या हातात पुन्हा ब्रश दिले, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. तोवर हिरड्यांच्या दुखण्यासाठी कधी वयाकडे बोट दाखवले जाई, कधी आहाराकडे, कधी प्रकृतीकडे. इथे फक्त एकच गोष्ट बदलली होती, दातांवरचा थर. तो साचू दिला की आजार येत होता आणि काढला की जात होता.

हा थर म्हणजे अन्नाचे खरकटे, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अदृश्य पापुद्रा त्यावर बसतो. त्या पापुद्र्याला आधी गोल जिवाणू चिकटतात, मग त्यांच्या अंगावर दुसरे. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात ही वस्ती मजल्यावर मजले चढवत जाते. खालच्या मजल्यांवर प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथे प्राणवायू न चालणारे जिवाणू राहायला येतात. हिरड्यांना खरा त्रास मुख्यतः या उशिरा आलेल्या बिऱ्हाडांचा.

ही वस्ती पहिल्यांदा पाहिली ती डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने. अँटनी व्हान लेव्हेनहुक रोज मिठाने दात घासत, काडीने कोरत, वर फडक्याने पुसत. तरीही दातांच्या फटीत पांढरट लगदा राहिलेला त्यांना दिसला. १६८३ साली त्यांनी तो स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला, तर त्यात चिमुकले जीव सुळकन पोहत होते! आख्ख्या नेदरलँड्समध्ये माणसे नसतील इतके जीव आपल्या तोंडात आहेत, असे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढचे निरीक्षण मला त्याहून मोलाचे वाटते. व्हिनेगर मिसळले की ते जीव मरत; पण व्हिनेगरने चूळ भरली, तर थराच्या आतले जिवंतच राहत. म्हणजे द्रव आतपर्यंत पोचतच नव्हता. नुसत्या माउथवॉशवर विसंबणाऱ्यांना आजही हेच सांगावे लागते: थर खरवडूनच निघतो.

आता हिरडीकडे वळू. आपले शरीर बाहेरून आवरणाने झाकलेले असते, आणि ते आवरण भेदून एखादी टणक वस्तू कायमची बाहेर आलेली असते ती दातांच्या जागी. हिरडी दाताला गळपट्टीसारखी कवटाळून हा सांधा राखते. दात आणि हिरडी यांच्या मध्ये एक ते तीन मिलिमीटरची खाच असते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अहोरात्र पहाऱ्याला येत असतात. थर वाढला की पहारा वाढतो, रक्तवाहिन्या फुगतात, आणि ब्रश लागताच बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसतो. इथवरचे नुकसान भरून येते.

त्यापुढे मात्र खाचेचा खिसा होतो. लढाई लांबली की शरीराचा स्वतःचाच दाह दाताभोवतीचे हाड झिजवतो. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. तिकडे लाळेतले कॅल्शियम जुन्या थराला दगडासारखे घट्ट करते. हेच कीटण. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडेच काढावे लागते. ‘सफाई केली आणि दात हलायला लागले’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दात आधीच खिळखिळा झालेला असतो. कीटणाच्या लिंपणामुळे ते कळत नव्हते, इतकेच.

सगळ्यांचे हाड सारखे झिजते का? ल्यो यांच्याच चमूने १९७० पासून १५ वर्षे श्रीलंकेतल्या ४८० चहामळा-कामगारांचे दात तपासले. यांना ना ब्रशची सवय होती, ना दंतवैद्य माहीत होता. (पाहणाऱ्यांनी इतकी वर्षे नुसते पाहिले, हे वाचताना खटकतेच.) हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. पण ८ टक्क्यांचे दात झपाट्याने सुटत गेले, ८१ टक्क्यांचे हळूहळू, आणि ११ टक्क्यांचा आजार सुजेच्या पुढे गेलाच नाही. जन्मजात प्रकृतीचा हात यात आहे. ताब्यात न ठेवलेला मधुमेह पारडे वाईट बाजूला झुकवतो, आणि तंबाखूही. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दात ‘स्वच्छ’ करायला लावतात, ती हिरडी दातावरून मागे सरकवते. विडी-सिगारेट तर आणखी लबाड. ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून आतले दुखणे झाकलेलेच राहते.

उपाय मात्र अगदी साधा. मलेरियावर काम केलेले अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास उतारवयात दातांकडे वळले. त्यांनी सांगितलेली पद्धत आजही शिकवतात: मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरके, आणि जागच्या जागी हलके हेलकावे. भांडी घासल्यासारखा जोर लावायचा नाही. दोन दातांमधल्या फटीत ब्रश शिरत नाही. तिथे दोरा किंवा फटीतला बारीक ब्रश हवा.

रक्त दिसले की माणूस नेमकी तीच जागा टाळून घासू लागतो. तुम्ही तसे करू नका. तिथेच, हलक्या हाताने, रोज दोनदा घासा. दहा दिवसांनीही फेस गुलाबीच दिसला, तर दंतवैद्याची वेळ घ्या.